श्वास विसरणारी लवंगी

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. कपड्यांची नाही आणि वाजवायचीही नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना दवाखान्यात ज्या काचेच्या पेटीत उबेत ठेवतात, ती मी. कारखान्यातून आले तेव्हा माझी काच इतकी लख्ख होती की डॉक्टरीणबाईंनी आधी माझ्यात बघून केस नीट केले. आता माझं एक चाक कुरकुरतं आणि झाकणावर ओरखडे आहेत. पण उबेच्या बाबतीत मी कुणाला हार जाणार नाही, असा माझा तोरा होता. तो कसा उतरला तेच सांगते.

एके दिवशी माझ्या गादीवर एक मुलगी आली. इतकी घाईची, की दिवस भरेपर्यंत थांबलीच नाही. मूठ उघडली तर सिस्टरांचं एक बोटही तीत मावेना. पण सुई टोचली की रागानं अशी लाल व्हायची, की मोठ्या सिस्टरांनी तिचं नाव लवंगी ठेवलं.

लवंगीला एक वाईट खोड होती. ती श्वास घ्यायचंच विसरायची. इतक्या लवकर आलेल्या बाळांचं होतं तसं. मग शेजारचं यंत्र ठणाणा करायचं, सिस्टर धावत येऊन तळपायावर टिचकी मारायच्या, की बाईसाहेबांचा श्वास पुन्हा सुरू! ही खोड जाईपर्यंत घरी सोडणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं होतं. माझ्या उबेत तिचं वजन वाढलं, गाल भरले, पण खोड काही जाईना.

"तिला उघड्या छातीशी धरा," एकदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंगाला अंग लागलं की श्वास सुधारतो."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी असताना छाती कशाला?

लवंगीच्या आईला ताप आला होता, त्यामुळे तिला आत यायला मनाई. राहिले वडील. ते गवंडी होते. भिंती सरळ उभ्या करणारा माणूस, पण लेकीला उचलायचं म्हटलं की दोन पावलं मागे सरायचा. सिस्टर त्यांना म्हणाल्या, "उद्या अंघोळ करून, अगदी स्वच्छ होऊन या."

वडिलांनी ते फारच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सदरा काढला, तर छाती वस्तऱ्यानं सफाचट आणि जागोजागी कापलेली!

"हे काय करून बसलात, दादा?" सिस्टरांनी विचारलं.

"तिला केस टोचतील म्हणून..."

"अहो, केस नाही टोचत! आता या जखमांवर बाळ ठेवायचं कसं? भरेपर्यंत थांबावं लागेल."

वडील सदरा पुन्हा अंगात घालू लागले. दाराबाहेर उभ्या असलेल्या आजोबांनी सगळं ऐकलं होतं.

"अरे शहाण्या," ते म्हणाले, "लहानपणी माझ्याच छातीवर पालथा पडून झोपायचास. तेव्हा टोचले का तुला?" मग सिस्टरांकडे वळून हळूच विचारलं, "माझी चालेल का हो? म्हातारी आहे, पण गरम आहे."

सिस्टरांनी त्यांचा ताप पाहिला, खोकला नाही ना ते विचारलं, कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि आरामखुर्चीत रेलून बसवलं. मग लवंगीला माझ्यातून उचलून त्यांच्या पांढऱ्या केसाळ छातीवर ठेवलं, वरून चादर घातली. आजोबा आधी हलेचनात. थोड्या वेळानं तिला घरची हकिगत सांगू लागले. खिडकीत ऊन कधी येतं, शेजारीण किती मोठ्यानं बोलते. "आणि मोरीतला नळ गळतो. तुझ्या बापाला सांगून सांगून थकलो बघ."

बोलता बोलता त्यांचा डोळा लागला आणि ते घोरू लागले. काय ते घोरणं! माझं झाकणसुद्धा थरथरलं. सगळ्यांनी दचकून यंत्राकडे पाहिलं. यंत्र गप्प होतं. दुपार सरली तरी गप्पच. लवंगी छातीवरचे केस मुठीत धरून गाढ झोपली होती, आणि आजोबांची छाती वर गेली की तीही वर जात होती. रिकामी उभी राहून मी हे पाहिलं. आधी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मग इतका आनंद झाला की तोरा कुठल्या कुठे गेला.

पुढे रोज आजोबा येऊ लागले. जखमा भरल्यावर वडील आले, ताप उतरल्यावर आई आली. लवंगीवरून त्यांच्यात भांडणं लागायची आणि सिस्टर पाळ्या लावून द्यायच्या. हळूहळू यंत्राचा ठणाणा बंद झाला. एका सकाळी डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "न्या हो आता घरी!" दारात पोचताच लवंगीनं असं भोकाड पसरलं की सगळा वॉर्ड हसू लागला, आणि तिची आई हसता हसता रडू लागली.

मित्रांनो, मला पुसत जा, माझ्या चाकाला तेल घाला, अजून पुष्कळ बाळं यायची आहेत. पण तुमच्या घरचं बाळ माझ्याकडे आलं, तर 'पेटीत आहे ना' म्हणून लांब राहू नका. घरच्यांना सांगा, हात धुऊन आत या. ऊब मी देईन. पण श्वास कसा घ्यायचा हे दाखवायला मला छाती नाही.