सदानंदरावांचा जपानी नवस

आखातातल्या सित्र्याच्या कारखान्यातले इंजिनियर सदानंदराव कंपनीच्या खर्चाने पंधरवडाभर जपानला जाऊन आले. गेले होते पंप शिकायला, पण पंपांबद्दल आल्यापासून कुणी अवाक्षर ऐकलं नव्हतं. ऐकू यायचं ते क्योटोजवळच्या एका देवळाबद्दल. डोंगरभर लाल कमानी, दाराशी दगडी कोल्हे आणि जगभरातून लोटलेली गर्दी. त्या गर्दीत शिरलेला आपल्या उम्म अल हस्सम वस्तीतला पहिला माणूस आपणच, हे ते चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सांगत. त्यांची बायको सुनंदा हे निमूट ऐकून घेई, कारण त्या देवळात तिचंही एक काम होतं.

साताऱ्याला तिच्या आईला पक्षाघात झाला होता आणि वाचा गेली होती. ट्रंककॉल लागला की भाऊ ओरडून खुशाली सांगे, मग रिसीव्हर आईच्या तोंडाशी धरी. सुनंदाला नुसता श्वास ऐकू येई. तिला जायचं होतं. सदानंदरावांनी तिची समजूत काढली की एप्रिलमध्ये रजा आहेच, मध्येच धावपळ कशाला, आणि तू जाऊन काय औषध देणार आहेस. वर उदार होऊन म्हणाले, "मी तिथल्या देवाला सांगतो. नावाजलेलं देवस्थान आहे, सगळा कारभार शिस्तीत."

सुनंदाने त्या शिस्तीवर विश्वास ठेवला. ते परत आले तेव्हा बॅग उघडायच्या आधी तिने विचारलं, "सांगितलंत ना?"

"म्हणजे काय? हात जोडलेला फोटोच आहे. स्लाइड धुऊन येऊ दे, बघशील."

स्लाइड आल्या. शुक्रवारी भिंतीवर पांढरी चादर लागली, कंपनीचा प्रोजेक्टर आला, आणि बँकेतला शिरीष आपल्या आईला घेऊन आला. गोदाबाईंना त्याने दोन महिन्यांसाठी सांगलीहून आणलं होतं. पडद्यावर कमान आली की त्या नमस्कार करत. कमानी संपेचनात, तेव्हा त्यांनी हात जोडूनच ठेवले.

सदानंदरावांनी उभं राहून विधी समजावला. आधी हात धुवायचे, चूळ भरायची, नाणं टाकून घंटा वाजवायची. मग दोनदा वाकायचं, दोनदा टाळी, मनातलं सांगायचं आणि पुन्हा वाकायचं. टाळ्या त्यांनी इतक्या कडक वाजवल्या की कार्यक्रम संपला असं वाटून शिरीषनेही वाजवल्या. सुनंदा मात्र एकाच स्लाइडची वाट बघत होती.

"आणि हा मी," सदानंदराव म्हणाले.

टाय सरळ, भांग नीट, हात छातीशी जोडलेले, चेहऱ्यावर लग्नातसुद्धा नव्हतं असं हसू.

"छान आलाय हो फोटो," गोदाबाई म्हणाल्या. "पण यात देव कुठं आहे?"

"माझ्या मागे. ती घंटा दिसतेय ना, तिच्या पलीकडे."

"मग तू हात कुणाला जोडलेस?"

"फोटो काढणाऱ्याला, आई," शिरीष म्हणाला आणि स्वतःच हसला.

सुनंदा हसली नाही. "फोटो झाल्यावर वळलात का?" तिने विचारलं.

"अगं, मागे केवढी रांग होती. फोटो काढणारा पण घाईत होता. मनात होतंच की माझ्या."

सुनंदाला रडू आलं नाही, संताप आला. नवऱ्यापेक्षा स्वतःचाच जास्त आला, कारण ती या माणसाच्या हाती आईचं गाऱ्हाणं देऊन महिनाभर निर्धास्त झोपली होती.

"बरोबर आहे," ती म्हणाली, "एवढ्या गर्दीत देवाकडे कोण वळणार? उद्या माझं तिकीट काढा. मी साताऱ्याला जाते."

"अगं, पण एप्रिलमध्ये..."

"तेवढा एक श्वास उरलाय तिचा. तो एप्रिलपर्यंत थांबेल, असं त्या देवाने सांगितलं का तुम्हाला?"

सदानंदरावांनी मदतीसाठी शिरीषकडे पाहिलं. शिरीष एकदम कोल्ह्यांची चौकशी करू लागला.

"जाऊ दे रे तिला," गोदाबाई म्हणाल्या. "मी नाही का आले लेकाकडे?"

सदानंदराव खाली बसले आणि हळूच म्हणाले, "काढतो उद्या."

सुनंदा चहा टाकायला उठली आणि वाटेत चादरीसमोर थांबली. चादरीवर सदानंदराव अजून हात जोडून उभे होते, आणि आता त्यांच्यासमोर सुनंदा होती.