ज्याला कुणी थांब म्हटलं नाही, तो दुरांग

मित्रांनो, माझ्या तोंडाकडे बघून दचकू नका. ते साच्यातच असं रागीट ओतलेलं आहे. मनातून मी आजवर कुणावर रागावलेलो नाही. मी एक जुना, डाव्या हाताने थोटा, प्लॅस्टिकचा दुरांग आहे. माझा हिरवा रंग पाठीवर उडाला आहे, आणि अंगाला लाल मातीचा वास आहे. तो कितीही धुतला तरी जात नाही. जाऊही नये.

खरा दुरांग कोण, हे आधी सांगायला हवं. तो टीव्हीवरच्या एका कार्टूनमधला खलनायक. त्यात सात शिखरांवरचे सात योद्धे असतात, आणि त्या सातांना मिळून जो आवरत नाही तो दुरांग. काय त्याची ताकद! तो लहानपणी हसला तरी घरांची कौलं खाली यायची. म्हणून गावाने त्याला हसायला बंदी केली. खेळला तर झाडं उन्मळायची, म्हणून खेळायलाही बंदी. बापाने त्याला डोंगराच्या पोटात नेऊन एकच गोष्ट शिकवली. मारायचं. मोठा झाल्यावर त्याचा राग उसळला की डोळे पांढरे व्हायचे, आणि समोर शत्रू आहे की आपलं माणूस हे त्याला दिसायचं नाही. पण एकदा डोंगर कोसळायला लागला, तेव्हा साती योद्धे पळाले. दुरांगाने मात्र तो डोंगर पाठीवर झेलला, आणि खालचं अख्खं गाव बाहेर पडेपर्यंत तसाच उभा राहिला. नंतर याच दुरांगाने रागाच्या भरात तेच गाव मोडलं आणि ढिगाऱ्यावर बसून रडला. अशा माणसाला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी त्याचाच पुतळा आहे, म्हणून नव्हे हं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. एका साच्यातून आम्ही शेकड्याने निघालो. मला आठवतो तो थेट मिरजगावचा आठवडे बाजार. कांद्याच्या ढिगांपलीकडे खेळण्यांची पाटी होती. पोरं यायची, साती योद्ध्यांना उचलायची आणि मला परत ठेवायची. माझ्या पाठीवर एक बटण आहे. ते दाबलं की माझे डोळे लाल होतात, हात फिरतात आणि मी ओरडतो, "दुरांग को कौन रोकेगा!" पण माझ्यात एक खोट होती. बटण एकदा दाबलं की मी थांबतच नसे.

एके दिवशी एक आई आली. कडेवर तान्हं बाळ, एका हातात भाजीची पिशवी, आणि पदराला धरून एक दणकट मुलगी. आईचं नाव ज्योती, मुलीचं दिशा. दिशा चौथीत होती, पण अंगाने सातवीतली वाटायची.

"ताई, ते नका घेऊ," पाटीवाला म्हणाला. "चालू हुतंय, पन बंद हुईना. सेल काढले तरच गप बसतंय."

"मम्मी, मला हाच पायजे," दिशा म्हणाली.

"अगं, तो गुंड हाय. ते बघ, चांगले सात जण हायेत तिथं."

"त्यांना सगळे घेतेत. ह्याला कोनीच घेईना."

ज्योतीताईने लेकीकडे बघितलं आणि मला भाजीच्या पिशवीत मेथीच्या जुडीवर निजवलं. मित्रांनो, त्या मेथीचा गारवा मला अजून आठवतो.

दिशाचं घर गावाबाहेरच्या वस्तीवर होतं. तिचे पप्पा सुनीलभाऊ दुधाचा टेम्पो चालवायचे. तरुणपणी ते नामी पैलवान होते. गुडघा गेला आणि कुस्ती सुटली, पण मनातून सुटली नाही. त्यांनी घरामागे खड्डा खणून त्यात लाल माती भरली होती. तिच्यात ताक, तेल, हळद आणि लिंबं घालून ती लोण्यासारखी मऊ केली होती. तिथे ते रोज सकाळी लेकीला लढत देत. मला मात्र कडेच्या दगडावर पंच म्हणून बसवत.

काय सांगू त्या पोरीची ताकद! ती पप्पांच्या मांडीला मिठी घालायची, आणि एवढा मोठा माणूस जागचा हलायचा. पप्पा हसून ओरडायचे, "सोडू नको! आवळ! आजून आवळ, वाघिने!" त्यांना काही व्हायचं नाही. त्यांचं अंग म्हणजे बाभळीचा बुंधा. दिशाला वाटायचं, कुस्ती म्हणजे हेच. धरायचं आणि आवळायचं. कधी सोडायचं, हे त्या मातीत कुणी उच्चारलंच नाही. मी दगडावरून बघायचो आणि मला दुरांगाचा बाप आठवायचा. पण सेल काढून ठेवलेल्या पुतळ्याचं कोण ऐकणार?

मग गावची यात्रा आली. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे हगामा भरतो, म्हणजे कुस्त्यांचं मैदान. मोठ्या कुस्त्यांआधी लहान पोरापोरींच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात. जिंकणाऱ्याच्या ओंजळीत रेवड्या ओततात. हलगी कडाडत होती. मी ज्योतीताईच्या पिशवीतून डोकं काढून बघत होतो.

दिशासमोर जास्मिन आली. दोघी एकाच वर्गातल्या, एका डब्यात जेवणाऱ्या. जास्मिनचे वडील दानीएल मास्तर गावच्याच शाळेत शिकवायचे. दोघींनी एकमेकींच्या खांद्याला माती लावली आणि भिडल्या. बघता बघता दिशाने जास्मिनचा डावा हात मागे वळवला आणि तिला उताणी केली. पंचांनी शिट्टी मारली. कुस्ती संपली होती. पण हलगीच्या गजरात दिशाला शिट्टी ऐकूच आली नाही. तिला ऐकू आला तो रोजचाच आवाज. कडेवरून पप्पा सवयीने ओरडत होते, "सोडू नको!"

तिने सोडलं नाही.

जास्मिनची किंकाळी ऐकून हलगी थांबली. तिचं कोपर निखळलं होतं. मास्तरांनी लेकीला उचललं आणि जीपमधून दवाखान्यात नेलं. दिशा मातीत तशीच उभी राहिली. स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत, जणू ते दुसऱ्याच कुणाचे आहेत. कुणीतरी तिच्या ओंजळीत रेवड्या ओतायला गेलं, तर तिने ओंजळच केली नाही. रेवड्या मातीत सांडल्या.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत तिचं नाव दुरांग पडलं. "पळा रं, दुरांग आला!" पोरं लंगडीतही तिला घेईनात. एका दुपारी ती घरी आली, मला सेल घातले आणि बटण दाबलं. मी ओरडायला लागलो, "दुरांग को कौन रोकेगा!" ती म्हणाली, "गप." मी गप कसा होणार? "गप बस ना!" तिने मला पिळलं आणि माझा डावा हात खांद्यापासून निघाला. त्या आवाजाने ती इतकी घाबरली की मला छातीशी धरून हुंदके द्यायला लागली. मित्रांनो, मला दुखलं नाही. दुखलं ते तिला. मग तिने माझे सेल काढले आणि मला हातासकट शेळीच्या गोठ्यात पेंडीच्या रिकाम्या पोत्यात ठेवून दिलं.

माझे दुर्लक्षाचे दिवस तिथे गेले. पोत्याला उंदराने पाडलेलं एक भोक होतं, त्यातून मी बघायचो. घरामागची माती तडकली. सुनीलभाऊ तिकडे फिरकेनासे झाले. बाळ रांगत रांगत ताईकडे यायचं, हात वर करायचं, आणि दिशा हात पाठीमागे बांधून घ्यायची.

"अगं घे की त्याला. मला भाकरी टाकायच्यात," ज्योतीताई म्हणायची.

"नको. मोडंल ते."

हे ऐकून त्या माउलीच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. तिने लेकीला जवळ ओढलं नाही, समजावलंही नाही. संध्याकाळी तिला गोठ्यात घेऊन आली. पुढ्यात चांदी नावाची शेळी होती, नुकतीच व्यालेली.

"बस. आज धार तू काढ."

"मम्मी, मी तिला मोडीन."

"ती काय मोडती! लाथ हानती. मागच्या आठवड्यात तुझ्या पप्पांना हानली, लंगडत गेले टेम्पोवर."

दिशाला हसू फुटणार होतं, ते तिने गिळलं. ज्योतीताईने मागे बसून लेकीच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. "दाब. आता सोड. दाब, सोड. नुसतं दाबून धरलं तर दूध उतरत न्हाई बाळा. सोडल्यावरच परत भरतंय."

चांदीने खरंच एक लाथ घातली. भांडं कलंडलं. दोघी परत बसल्या. मग रोज बसू लागल्या. मी पोत्यातून ती चुर्र चुर्र धार ऐकायचो. दाब, सोड. दाब, सोड. दुरांगाच्या डोंगरात हा आवाज एकदा तरी घुमायला हवा होता, असं मला वाटायचं.

पावसाळा सरला आणि एके दिवशी गोठ्याच्या दारात जास्मिन उभी राहिली. हात बरा झाला होता, फक्त कोपर थोडं वाकडं बसलं होतं. दिशा चांदीच्या आड लपायला गेली.

"एवढी मोठी तू, आन् एवढीशी शेळी. कशी लपशील?" जास्मिन म्हणाली. मग ती पोत्यावर टेकली आणि मी तिला टोचलो. तिने मला बाहेर काढलं, उलटसुलट बघितलं. "अय्या, ह्याचा पन डावाच?"

दिशाने दोन्ही हात पाठीमागे नेले. मग जास्मिनच आधी हसली.

"परत खेळती का?" ती म्हणाली. "मला लई कंटाळा आलाय. बाकीच्या पोरी धरल्या धरल्याच पडतेत."

"न्हाई. मला कळतच न्हाई गं, कधी सोडायचं ते."

"मग मी सांगते. तुझ्या पाठीवर थाप मारीन. थाप पडली की सोडायचं. कुस्ती झालेली असू दे, नसू दे."

दारातून सुनीलभाऊ ऐकत होते. "पोरींनो, हगाम्यात आसं चालत न्हाई. थापंवर सोडलं तर जिंकलेली कुस्ती जाईल हातची."

"जाऊ द्या," ज्योतीताई चुलीपासून म्हणाली. "धरायला तुमी शिकवलं. सोडायला मी शिकवते. आन् मास्तरांना इचारा आधी, पोरगी त्यांची हाय."

सुनीलभाऊ त्याच संध्याकाळी मास्तरांच्या घरी गेले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर आले, आणि आखाड्याच्या कडेला माझ्या दगडाशेजारी बसले. "मी रोज इथे बसणार," ते म्हणाले. "माझी पोरगी ओरडली, तर मीच आत उतरेन. मग मला कुस्ती येत नसली तरी." माझा हात चिकटवायचा जास्मिनने प्रयत्न केला, पण तो टिकला नाही. मी थोटाच पंच झालो.

यात्रा परत आली. मैदानाला त्या दिवशी वेगळीच गर्दी होती. लाउडस्पीकरवर कुणीतरी गमतीने पुकारलं, "या हो या, आपल्या गावचा दुरांग बघाया या!" दिशाचा चेहरा उतरला. जास्मिनने तिच्या खांद्याला माती लावता लावता कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी भिडल्या.

मी पिशवीतून डोकं काढून बघत होतो, आणि ज्योतीताईची बोटं माझ्या डोक्यावर इतकी आवळली होती की मला सगळं कळत होतं. ही कुस्ती रेवड्यांची नव्हती. लेकीला तिचे हात परत मिळणार की नाही, याची होती.

दिशाने पट काढला, म्हणजे खाली झेपावून जास्मिनचे पाय ओढले. जास्मिन खाली आली. आता फक्त उलथायचं राहिलं होतं. हलगी पेटली. अख्खं मैदान ओरडायला लागलं, "आवळ! दाब! सोडू नको!" मला दिशाचे डोळे दिसले. ते पांढरे होतायत की काय, असं वाटून माझं प्लॅस्टिकचं काळीज थांबलं. सुनीलभाऊंनी ओरडायला तोंड उघडलं आणि स्वतःच्याच हाताने मिटलं.

तेवढ्यात जास्मिनने दिशाच्या पाठीवर थाप मारली. त्या गदारोळात आवाज कसला येणार? पण दिशाने सोडलं. विंचू झटकावा तसे दोन्ही हात उघडले. आणि त्याच क्षणी जास्मिन खालून सळसळत फिरली, दिशाचा पाय ओढला आणि तिला अशी उताणी पाडली की माती उडाली.

"फशिवलं! फशिवलं!" मैदान उसळलं.

"खरंच दुखलं हुतं!" जास्मिन कानाची पाळी धरून म्हणाली. "आईशप्पथ! पन तू सोडलं, आन् पाय समोरच दिसला. मग काय करू?"

सुनीलभाऊ धावत मैदानात आले. इतक्या महिन्यांची मेहनत, जिंकलेली कुस्ती, सगळं मातीत. पण दिशा उताणी पडून हसत होती. असं हसत होती की तिच्या छातीवरची माती खाली ओघळत होती. कौलं पडली नाहीत. काहीच मोडलं नाही.

"पप्पा, मला थाप कळली," ती म्हणाली. "एवढा दंगा हुता, तरी कळली मला!"

सुनीलभाऊ लेकीजवळ मातीत वाकले. त्यांनी लेकीला उठवलं आणि हरलेल्या पैलवानाचा हात कुणी वर करत नाहीत, तो त्यांनी वर केला. जास्मिनने ओंजळभर रेवड्या घेतल्या आणि अर्ध्या दिशाच्या ओंजळीत ओतल्या. या वेळी तिने ओंजळ केली. मग ती आईजवळ आली आणि मातीचेच दोन्ही हात पुढे केले. बाळ झेपावलं. तिने त्याला घेतलं. ना फार घट्ट, ना फार सैल.

आता मी त्यांच्या टीव्हीच्या फळीवर असतो. सेल नाहीत, म्हणून गप्प असतो. दुरांगाला कोण थांबवणार, हे मी जन्मभर ओरडून विचारत होतो. आता विचारायचं राहिलं नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या घरात असा एखादा दांडगा असेल. त्याला दुरांग म्हणून पळू नका. त्याच्यात डोंगर झेलण्याची ताकद असते, तिचा मान ठेवा. आणि जमलंच तर जरा जवळ जाऊन त्याच्या पाठीवर एक थाप मारून बघा. त्याची पाठ वर्षानुवर्षं कुणाच्या तरी हाताची वाट बघत असते.