पासपोर्टच्या तीन प्रती

परीक्षितला झेरॉक्सचं वेड होतं. अमेरिकेत सतरा वर्षं व्हिसावर काढलेल्या माणसाला ते असतंच. कुणाला गळ्यात रुद्राक्ष लागतो, कुणाला बॅगेत पासपोर्टच्या रंगीत प्रती. न्यू जर्सीहून इंग्लंडात ब्रॅकनेलला बहिणीकडे, अरुणाकडे, चार दिवसांसाठी आला आणि चहाच्या आधी त्याने विचारलं की प्रिंटर चालू आहे का. प्रिंटरची शाई संपली होती. मग अरुणाच्या नवऱ्याने, मिलिंदने, शुक्रवारी त्याचा पासपोर्ट ऑफिसात नेला आणि संध्याकाळी तीन संच करून आणले, पिन मारून, प्लॅस्टिकच्या फोल्डरात. मिलिंद सदाशिव पेठेतला, त्यामुळे काम कसं चोख.

परीक्षित आला होता अण्णांच्या श्राद्धाला. अण्णा म्हणजे अरुणाचे आणि त्याचे वडील. दीड वर्षापूर्वी ते याच घरात, अरुणाच्या डोळ्यांसमोर गेले, आणि परीक्षित आला नाही. व्हिसाचं नूतनीकरण अडकलंय, वकील म्हणतो देश सोडू नकोस, असं त्याने फोनवर सांगितलं. अग्नी जावयाने दिला. अरुणा तेव्हा त्याला काही बोलली नाही. न बोलणं हे तिच्या माहेरचं शस्त्र होतं आणि दीड वर्ष ती त्याला धार लावत होती. यंदा सर्वपित्री अमावास्या रविवारी आली. रजा वाचते म्हणून का होईना, स्वारी अवतरली, एवढं तिने मनातल्या मनात म्हणून घेतलं.

शुक्रवारी रात्री जेवताना अरुणाच्या मुलीने, स्वरालीने, मामाला धरलं. ती ए-लेव्हलला, म्हणजे तिथल्या बारावीला, इतिहास घेऊन बसली होती आणि तिच्या अभ्यासाचा तक्ता फ्रिजवर चिकटवलेला होता: आधुनिक अमेरिकेतले टर्निंग पॉइंट्स. १९४१, १९६३, १९६५, १९७४, २००१, २००८. परीक्षितने भाकरी मोडत मोडत एकेका सालावर बोट ठेवलं. पासष्ट साली कायदा बदलला म्हणून आपल्यासारख्यांना दार उघडलं. दोन हजार एकला तो पुण्यात हॉस्टेलच्या टीव्हीसमोर उभा होता. आणि आठ साली तो शिकायला म्हणून सुटकेस घेऊन उतरला, तर महिन्याभरात बँका कोसळल्या.

"मामा, तेव्हा तुला कळली होती, की हे टर्निंग पॉइंट आहे?" स्वरालीने विचारलं. तिचं मराठी असंच, लंगडत पण चालतं.

"नाही गं," परीक्षित म्हणाला. "तेव्हा फक्त पोटात गोळा आला होता."

सगळे हसले. अरुणासुद्धा हसली आणि तिने त्याला आग्रह करून आणखी पिठलं वाढलं.

शनिवारी सकाळी सहाला अरुणा खाली आली तेव्हा परीक्षित जिन्याच्या शेवटच्या पायरीवर फोन धरून बसला होता. चेहरा असा, की तिला आधी वाटलं कोणीतरी गेलं. त्याच्या बायकोचे, ऋजुताचे, अकरा मिस्ड कॉल होते. अमेरिकेच्या अध्यक्षांनी हुकूम काढला होता: कामाच्या व्हिसावर बाहेरून आत येणाऱ्या माणसामागे कंपनीने एक लाख डॉलर भरायचे. शनिवारची मध्यरात्र उलटली की लागू. परीक्षितच्या कंपनीचं पत्र आलं होतं, जे देशाबाहेर असतील त्यांनी त्याआधी काहीही करून आत या. एका माणसासाठी एवढे पैसे कोणती कंपनी भरणार? म्हणजे आज पोचला नाही तर दार बंद, आणि दाराच्या आत ऋजुता आणि सहा वर्षांची तनू.

अमेरिकेतली मध्यरात्र म्हणजे इथली रविवारची पहाट, पाच वाजता. प्रवास आठ तासांचा. मिलिंदने बोटांवर हिशोब केला आणि संध्याकाळी साडेसातचं विमान शोधून दिलं. शेवटच्या दोन जागांतली एक. तिकीट काढायला पासपोर्टचा नंबर हवा म्हणून परीक्षितने फोल्डर उघडला. पहिला संच, दुसरा, तिसरा. फोल्डर उलटा करून झटकला. तीन प्रती होत्या, मूळ पासपोर्ट नव्हता.

मिलिंदने फोल्डर हातात घेऊन पुन्हा चाळला. मग हळूच म्हणाला, "काचेवर राहिला. स्कॅनरच्या काचेवर, झाकणाखाली."

चोख कामाचा असा निकाल लागला. तिकीट प्रतीवरचा नंबर घालूनच काढलं. निघताना परीक्षित अरुणाला म्हणाला, "ताई, श्राद्ध आत्ताच उरकू या? दहा मिनिटं. मी बसतो, मग जातो." त्याचे डोळे भरले होते. अरुणाने कॉव्हेंट्रीच्या गुरुजींना फोन लावला. आज चतुर्दशी, गुरुजी म्हणाले. आजचा दिवस शस्त्राने, अपघाताने गेलेल्यांचा. तुमचे वडील अंथरुणात गेले ना? मग उद्याच.

"उद्याच म्हणतायत," अरुणाने सांगितलं आणि तीही गाडीत बसली. घरात थांबणं शक्य नव्हतं.

शनिवारी ऑफिसची इमारत बंद होती. दाराशी एकटा नेपाळी गार्ड. त्याने मिलिंदला वर नेऊन आणलं. स्कॅनरची काच लखलखीत पुसलेली, रिकामी. मग गार्डने नोंदवही चाळली आणि रिसेप्शनमागच्या काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. सफाईवालीने रात्री पासपोर्ट आणून दिला होता. कपाटात एका छत्रीशेजारी तो दिसत होता, निळा, सिंहाच्या शिक्क्यासकट. कपाटाची किल्ली सुपरवायझरकडे. सुपरवायझर मुलीच्या मॅचला गेलेला, तीनपर्यंत येईल. त्याआधी कपाट उघडलं तर माझी नोकरी जाईल, असं गार्ड इतक्या अजिजीने म्हणाला की त्याच्यावर रागावताही येईना. तोही दुसऱ्याच्या देशात पोट भरणारा.

पाच तास ते तिघं तिथल्या सोफ्यावर बसले. तीन वाजले, सुपरवायझर आला नाही. साडेतीन वाजले. परीक्षित कपाटासमोर उभा होता, कपाळ काचेला टेकवून. आणि तेव्हा अरुणाच्या मनात आलं, न येवो तो किल्लीवाला. राहू दे याला इथे. बसू दे उद्या पाटावर, घालू दे अण्णांना पाणी, एकदा तरी.

तेवढ्यात ऋजुताचा व्हिडिओ कॉल आला आणि पडद्यावर तनू. पुढचे दोन दात पडलेले. "बाबा, आई बॅग पॅक करते. आपण कुठे जाणार?" परीक्षितने कुठेच नाही, मी येतोय, असं सांगितलं आणि फोन मिलिंदच्या हातात देऊन भिंतीकडे तोंड केलं. अरुणाला स्वतःचीच भीती वाटली. आपण आत्ता काय मागितलं, हे त्या पोरीला कळलं असतं तर? तिने मनातल्या मनात अण्णांना हात जोडले, की माझं ऐकू नका.

सुपरवायझर चारला दहा मिनिटं असताना आला, चिखलाच्या बुटांत, शंभरदा सॉरी म्हणत.

विमानतळावर वेगळाच गोंधळ. चेक-इनची यंत्रणा कोलमडलेली, बोर्डिंग पास हाताने लिहून देत होते. रांगेत आपली कितीतरी माणसं, सगळ्यांचे चेहरे एकाच साच्यातले, सगळ्यांच्या छातीशी एकेक फोल्डर. परीक्षितने जाताना तीनपैकी एक संच अरुणाच्या पर्समध्ये कोंबला. असू दे तुझ्याकडे, म्हणाला. वाकून नमस्कार केला आणि मागे न बघता गेला.

विमान लांबलं. आठ वाजून गेले तरी हललं नव्हतं. अरुणा घरी येऊन उद्याच्या खिरीसाठी तांदूळ निवडत होती. तेव्हा स्वराली लॅपटॉप घेऊन धावत आली. अधिकाऱ्यांच्या हवाल्याने बातमी होती: पैसे फक्त नव्या अर्जांना, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना लागू नाही.

अरुणाने दोनदा वाचलं आणि फोन लावला. तो गेटवर होता, रांगेत.

"परीक्षित, तुला लागू नाही. नीट आलंय बातमीत. परत फिर, मिलिंद येतो घ्यायला. उद्या श्राद्ध कर आणि सोमवारी जा."

पलीकडे गेटवरच्या घोषणा चालू होत्या.

"मी वाचलं, ताई," तो म्हणाला. "काल एक बोलले, आज दुसरं. मी तुझ्या घरी पोचेपर्यंत तिसरं बोलतील. तनूला हाताने धरल्याशिवाय मला आता कशाचाच भरवसा नाही." मग आवाज खाली गेला. "अण्णा गेले तेव्हाही मी बॅग भरली होती. बूट घालून तीन तास दारात बसलो होतो. उठताच आलं नाही गं."

अरुणा दीड वर्ष जे बोलायचं ठेवून होती त्यातला एक शब्दही तिला आठवेना. "जा," ती म्हणाली. "पोचलास की कळव."

ती सोफ्यावरच बसून राहिली. पहाटे पाचला दहा मिनिटं असताना त्याचा मेसेज आला: आत आलो.

रविवारी मिलिंद पाटावर बसला. गुरुजींनी व्हिडिओवरून विचारलं, मुलगा कुठे आहे? अरुणा म्हणाली, त्याच्या घरी आहे, सुखरूप आहे. पान मागच्या अंगणात ठेवलं. ब्रॅकनेलचे कावळे निर्लज्ज, दोन मिनिटांत उतरले. स्वराली फ्रिजसमोर उभी होती. तिने तक्त्याच्या शेवटी पेन्सिलने २०२५ लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

अरुणा खिरीचं पातेलं घासत खिडकीबाहेर बघत होती. महिन्याभरापासून रस्त्यातल्या खांबांवर इंग्लंडचे झेंडे लागले होते, बाहेरून आलेले नकोत म्हणणाऱ्या मोर्च्यांत असतात तसे. रोजच दिसायचे; कोणी लावले, कशाला, हे तिने कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. तिने हात पुसले, वरच्या खोलीत गेली आणि कपाटातून तिघांचे पासपोर्ट काढले. ब्रिटिश, कधीचे पक्के. पंचवीस वर्षांचं घर, हॉस्पिटलातली नोकरी, इथेच जन्मलेली पोर. तिने प्रत्येकातला फोटो उघडून पाहिला.

"मिलिंद," ती जिन्यावरून म्हणाली, "उद्या ऑफिसात यांच्या प्रती काढशील? रंगीत. तीन-तीन."

मिलिंद थट्टा करील असं तिला वाटलं होतं. त्याने वर पाहिलं, पासपोर्ट पाहिले, आणि हात पुढे केला.