एकही मणी नाही

बॉयलरच्या वाफेनं ह्यांची छाती-पाठ भाजली, त्याला सहा दिवस झाले होते. रोज पट्टी बदलताना नवी कातडी सोलून निघायची. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या लॅबमधली ती पातळ जाळी उद्या चारपर्यंत आणा. जखमेवर बसवली की ती काढावी लागत नाही. आता तिचाच आधार." हे तशातही हसले. "दिवसभर सूत कातते, पण माझ्या शर्टाला एक बटण लावायला हिला वेळ नाही." मी म्हटलं, आधी बरे व्हा, मग टोमणे मारा.

सुईच्या टोकाशी द्रावणाचा थेंब येतो, विजेचा दाब त्याला ओढतो आणि फिरत्या रुळावर केसाहून कितीतरी बारीक धागा बसत जाऊन जाळी तयार होते. हवेत ओल शिरली की धाग्यात मणी पडतात आणि जाळी वाया जाते. म्हणून मशीन सुरू झालं की दार उघडायचं नाही, फोन बाहेर ठेवायचा. हा नियम माझाच. तो मोडणाऱ्या भल्याभल्यांची मी बिनपाण्यानं हजामत केली आहे.

रविवार होता, लॅबमध्ये मी एकटीच. द्रावण एकाच जाळीपुरतं उरलेलं. दहाला मशीन लावलं.

साडेबाराला काचेवर टकटक झाली. धाकटी नणंद. तोंड हलत होतं, पण पंख्याच्या घरघरीत एक शब्द ऐकू येईना. मी जेवत नाही म्हणून दोन दिवस ती मागे लागली होती. माझं डोकंच फिरलं. इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि हिला जेवणाची पडलीये. मी बोटं तोंडाशी नेली, 'नंतर' अशी खूण केली आणि पाठ फिरवली. तिनं आणखी दोनदा काच ठोकली.

साडेतीनला जाळी उतरवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. एकही मणी नाही. इतकी सुंदर जाळी माझ्या हातून कधी झाली नव्हती.

नणंद बाहेर बाकावरच होती. हातात डबा नव्हता.

"दादा गेला, वहिनी. एक वाजता. मी इथेच होते, फोन आला." तिचा आवाज पार बसला होता. "तुला आणायला त्यानंच पाठवलं होतं मला. सारखं तुझं नाव घेत होता."

मी जाळी दोन्ही हातांवर धरून उभी. दार उघडलं असतं तर जाळी गेली असती. गेली असती तर गेली असती मेली.

"तू मला काचेतून बघितलंस ना?" तिनं विचारलं.

"बघितलं," मी म्हणाले.