दीड सूत

जावाजावांचं सूत जुळत नाही म्हणतात. आमचं तर मापच वेगळं. थोरल्या जाऊबाई, म्हणजे माझ्या ताई, मोजून चार शब्द बोलणार. मी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करते. दिवसभर गोंगाटात ओरडून बोलायची सवय, ती घरी आले तरी सुटत नाही. एकाच घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही राहतो आणि त्या भिंतीतून इतकी वर्षं मी त्यांची गिटार ऐकत आले.

गिटार म्हणजे गळ्यात अडकवायची नव्हे. ही पेडल स्टील गिटार, टेबलासारखी चार पायांवर उभी असते. वाजवणारी समोर बसते, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवते, पायाने पेडल दाबते आणि गुडघ्याने खालचे दांडे बाजूला ढकलते. दांडा सरकला की आतली सळई तार ओढते आणि स्वर जागचा उठून वर चढतो. "बंद करा हो ते रडगाणं!" असं भिंतीवर थापा मारून मी कितीदा ओरडले असेन, त्याला गणती नाही.

मग ताई जिन्यावरून पडल्या. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, त्या चालायलाही लागल्या, पण गुडघा बाजूला सरकेना. पूर्वी चार बोटं जायचा, आता जेमतेम एक. गिटारवर चादर पडली. भिंत गप्प झाली आणि खरं सांगते, माझी सुट्टीच्या दुपारची झोप उडाली.

अशात त्यांच्या बँडच्या ड्रमवाल्याचा फोन आला. रविवारी तालमीला या, वाजवून दाखवा; जमत नसेल तर तुमच्या जागी कीबोर्डवाला घेतो. ताई म्हणाल्या, "बघू." त्यांच्या तोंडी "बघू" म्हणजे "नाही". माझं डोकंच फिरलं.

"गुडघा दांड्यापर्यंत जात नाही ना? मग दांडा गुडघ्यापर्यंत आणू," मी म्हटलं. "यंत्र तर आहे."

"वाद्य आहे ते."

"असेल. पण स्क्रू आहेत ना त्याला?"

शनिवारी सकाळी मी माझा नवा संच घेऊन हजर. लाल डबी, आत चकचकीत चाव्या आणि पाने, सगळे मिलिमीटरचे. आमच्या ह्यांनासुद्धा मी त्याला हात लावू देत नाही. चादर काढली, गिटार गादीवर उलटी निजवली आणि दांड्याच्या स्क्रूत चार मिलिमीटरची चावी घातली. अशी घट्ट बसली म्हणता!

"बघा! सगळा मिलिमीटरचा मामला आहे. दुपारपर्यंत वाजवायला लागाल."

दांडा गुडघ्याच्या बाजूला सरकवून आवळला. सळई पुढच्या भोकात अडकवली, म्हणजे थोडं ढकललं तरी तार जास्त ओढली जाईल. गिटार उभी केली, ताई बसल्या. एक बोटभर गुडघा हलला आणि तार चढली, पण थांबायची जागा सोडून पुढे गेली. ते बसतं करायला गिटारच्या उजव्या टोकाला प्रत्येक सळईचा एक नट असतो, नायलॉनचा, सहा कडांचा, भोकात आत बसलेला. त्याला नळीसारखा पोकळ पाना लागतो. मी पाचचा काढला, घातला, फिरवला. तो नुसताच गरकन फिरला.

"बसत नाहीये तो," ताई म्हणाल्या.

"बसलाय. जरा सैल आहे इतकंच."

"सैल म्हणजे न बसलेलाच."

मी ऐकते थोडीच! जोर लावला. पाना निसटला आणि नायलॉनचा बारीक पांढरा तुकडा फरशीवर पडला. नटाची एक कड झिजली होती. असले नट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. कडा गेल्या की ती तार सुरात येणं संपलं आणि तालीम तर उद्यावर आलेली. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

मी निमूटपणे व्हर्निअर काढून नट मोजला. पावणेपाच मिलिमीटर. दोन क्षण बघत राहिले आणि कपाळावर हात मारला.

"दीड सूत! अहो ताई, हा इंचातला आहे!"

इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. जुनी मशीनं अजून याच मापाची. चार मिलिमीटर आणि सव्वा सूत जवळपास सारखेच, म्हणून पहिली चावी बसली आणि मी फसले. सुतावरून स्वर्ग गाठला, तोही चुकीच्या सुतावरून.

"मग दीड सुताचा आण."

"तो कारखान्यात, आणि तिथे आज सुट्टीचं कुलूप. पण काळजी नको." मी वर्तमानपत्राची पट्टी फाडली आणि पाचच्या पान्यात कोंबायला लागले. "कागद भरला की घट्ट बसतो. कितीतरी मशीनं मी अशी..."

ताई उठल्या. खुर्चीला हात न टेकता उठल्या. "कागद? माझ्या वाद्याला कागद? ठेव तो पाना खाली!"

त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. माझ्यापेक्षा वरचा आवाज निघाला.

"मग काय करू, तुम्हीच सांगा!"

त्यांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला. मग म्हणाल्या, "स्वयंपाकघरातली खिडकी उघड."

"आता वारा कशाला?"

"उघड म्हणते ना!"

त्या खिडकीची खिट्टी हरवलेली. तिच्या जागी कडीत एक काळपट नळी खोचलेली असते. रोज संध्याकाळी ती मीच आत ढकलते. आज पहिल्यांदा उपसून पाहिली, तर टोकाला पोकळी आणि पोकळीला सहा कडा. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"गिटारचाच पाना. दवाखान्यातून आले त्या दिवशी खोचला," ताई म्हणाल्या. "म्हटलं, कशाच्या तरी उपयोगी पडू दे."

"आणि मी सकाळपासून इथे डोकं फोडतेय, तरी बोलला नाहीत?"

"हा हातात आला असता तर वाजवायला बसावं लागलं असतं. आणि बसून नसतं जमलं तर, धाकटे?"

मी नळी पदराने पुसली आणि त्यांच्या हातात दिली. "तुम्हीच फिरवा."

त्यांनी गुडघा टेकवून दांडा ढकलला, तार छेडली आणि नटावर पाना चढवला. जराही हलला नाही. झिजलेली कडसुद्धा त्याने धरली. त्या हळूहळू फिरवत गेल्या, स्वर खाली खाली आला आणि एका जागी टेकला. दांडा सोडून पुन्हा ढकलला, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच. ताई हसत होत्या. रडगाणं म्हणणाऱ्या मला मात्र रडू फुटलं.

रविवारी तालमीच्या खोलीत कीबोर्डवाल्याने आधीच मधोमध बस्तान मांडलं होतं. ताईंनी कडेलाच गिटार उभी केली, कुणाकडे न बघता बसल्या आणि सुरुवात केली. एक बोटभर गुडघा, तेवढंच. पण स्वर असा चढला की ड्रमवाला दोन्ही काठ्या हातात धरून बसून राहिला, ठेका धरायचा विसरला. वाजवून झाल्यावर तो कीबोर्डवाल्याला म्हणाला, "राजा, तुझं टेबल जरा सरकव. मधली जागा ताईंची आहे."

मी तोंडात दोन बोटं घालून कारखान्यात घालते तशी शिट्टी घातली. सगळे वळून बघायला लागले. बघेनात का!

घरी आलो तर स्वयंपाकघरातली खिडकी धाडधाड आपटत होती.

"आता हिला काय लावायचं?" ताईंनी विचारलं.

मी लाल डबी उघडली, पाचचा चकचकीत पाना काढला आणि कडीत खोचला.

"सैल नाही ना?"

"खिडकीला चालतं."

ताई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "उद्या मी वाजवायला बसले की भिंतीवर थापा मारशील ना गं?"

"मारणार तर! ठेका कोण धरणार मग?"