लेमेंटिनाची शेवटची कॅसेट

मी टेपरेकॉर्डर बोलतोय, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतून, सुलक्षणाताईंच्या कपाटावरून. जन्मभर दुसऱ्यांचंच बोललो, आज थोडं स्वतःचं ऐका.

१९८३ साली ताईंनी मला लेमेंटिनाला वापरायला दिलं. ती रोमानी, म्हणजे शतकांपूर्वी हिंदुस्थानातून तिकडे गेलेल्या भटक्यांपैकी, चाकांवरच्या घरात जन्मलेली, पबमध्ये गाणारी. गळा असा, की तोंडाशी नेलेला ग्लास तसाच राहायचा! शाळा मात्र तिनं पाहिली नव्हती. लायब्ररीतल्या वर्गात ताई तिला अक्षरं शिकवत.

"हात फार हळू चालतो गं," ती कुरकुरायची. मग ती आपली जन्मकथा मला सांगू लागली आणि ताई ऐकून टाइप करू लागल्या. पाण्याला ती तिच्या रोमानी भाषेतही 'पानी'च म्हणायची, तेव्हा ताई हरखून जायच्या.

तीन वर्षांनी पुस्तक आलं. मुखपृष्ठावर तिचा फोटो, माझा नाही! पण रुसणार किती दिवस? लोक तिला गायला बोलवत आणि वाचायलाही. स्वतःचंच पुस्तक ती ओळीखाली बोट धरून, अडखळत वाचायची. काय दिवस होते ते!

दुसरं, छोटंसं पुस्तक तिनं सावकाश सांगितलं, मधेमधे गाऊनही. ते एका कॅसेटवर पूर्ण झालं, पण टाइप व्हायच्या आत १९९१ मध्ये ती गेली.

अंत्यविधीला ताई मला त्या कॅसेटसकट घेऊन गेल्या. आपल्याकडे गाणाऱ्याला त्याचंच गाणं लावून निरोप देतात, म्हणून त्यांनी भाबडेपणानं बटण दाबलं. मीही शहाणा, लागलो गायला. सगळे गोठले. तिच्या घरचे गेलेल्या माणसाचा आवाज ऐकत नाहीत, नाव घेत नाहीत, त्याच्या वस्तूही जाळून टाकतात.

तिच्या लेकीनं, जेंटीनं, मला बंद केलं. "मशीन कुणाचं?"

"माझं. तिला वापरायला दिलं होतं."

"मग घेऊन जा. कॅसेट आईची आहे."

चाकांवरच्या घरासोबत ती कॅसेटही जळाली. मला फार वाईट वाटलं.

महिन्याभरानं ताईंची मुलगी मंजिरी माझी धूळ पुसत होती. "आई, तू एक कॉपी का नाही केला? इट वॉज हर लास्ट बुक!"

"केली होती गं," ताई म्हणाल्या. "काल जेंटीला नेऊन दिली."

मंजिरीनं फडकं घडी करून ठेवलं. तेव्हापासून मी रिकामाच बसून आहे. जेंटी, तुझ्या आईचं नाव आज मी घेतलं, माफ कर. पुन्हा नाही घेणार.