जीपखाली कोण झोपणार

सोनपेठच्या गॅरेजात सिद्धोधनचा डावा डोळा गेला, त्याला वर्ष झालं. बोल्ट खोलायच्या हवेच्या गनवर लावलेलं हलकं सॉकेट फुटून तुकडा उडाला होता. आज त्याचा भागीदार बजरंग पुन्हा सॉकेटचा स्वस्तातला संच घेऊन आला. यातल्या सॉकेटची मान वळत होती. दुरुस्तीला आलेल्या जीपच्या गिअरबॉक्समागचा अडचणीतला बोल्ट हातानं, साध्या पान्यानं काढायला अर्धा दिवस जायचा, तो वाचणार होता.

"लय मजबूत हाय, बघ तरी."

आधी भंगारातल्या गिअरबॉक्सवर, वरून पोतं झाकून त्यांनी गन चालवली. बोल्ट सुटला. सॉकेट शाबूत होतं, पण मानेची पिन जरा ढिली लागत होती. सिद्धोधन ती अंगठ्यानं पुन्हापुन्हा हलवून पाहत राहिला.

"बैलाचे दात बघायलास का? चष्मा घाल अन् सरक जीपखाली."

जीपखाली तो बोल्ट थेट तोंडावर येत होता. पोतं झाकायला तिथं जागा नव्हती.

"आज तू झोप," सिद्धोधन म्हणाला.

बजरंगनं वाकून बोल्टकडे पाहिलं, मग सिद्धोधनच्या हातातल्या सॉकेटकडे. त्यानं गनची हवेची नळी काढली.

"जुना पाना कुठं ठेवलास?" त्यानं विचारलं.